पडेल टीम, स्वस्त तिकीट आणि टिकून राहिलेले चाहते

सॅकवासी

नमस्कार मंडळी.

इथे एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे, धागे निघतात ते लेकर्स, वॉरियर्स आणि सेल्टिक्सचे. मला आज पडेल टीमांबद्दल आणि त्यांच्यामागे उभ्या राहणाऱ्या माणसांबद्दल बोलायचंय. मी सॅक्रामेंटो किंग्जचा चाहता. 2006 नंतर सलग 16 सीझन ही टीम प्लेऑफला, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेरीला, पोचली नाही. एनबीएच्या इतिहासात एवढा मोठा दुष्काळ दुसऱ्या कुठल्याच टीमने काढलेला नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. पडत्या काळात ज्यांनी स्टँड भरले, त्यांना बरे दिवस आल्यावरही तिकीट परवडलं पाहिजे आणि ती जबाबदारी टीमची आहे. आज होतं नेमकं उलटं. टीम हरत असते तेव्हा आठवड्याच्या मधल्या एखाद्या रात्री वरच्या मजल्यावरचं तिकीट सिनेमाच्या भावात मिळतं. शिक्षक, नर्स, कॉलेजची मुलं, नुकतीच नोकरी लागलेली माणसं येतात, घसा फोडून ओरडतात. टीम जिंकायला लागली की त्याच सीटचा भाव अनेक पटींनी चढतो आणि ही सगळी माणसं टीव्हीसमोर जातात.

किंग्जबद्दल थोडं सांगतो, कारण निष्ठा कशाला म्हणतात ते मला याच गावाने शिकवलं. टीम 1985 मध्ये कॅन्सस सिटीहून इथे आली. पुढची 13 वर्षं एकाही सीझनमध्ये निम्म्याहून जास्त मॅचेस जिंकल्या नाहीत. तरी 1985 ते 1997 मध्ये घरच्या सलग 497 मॅचेस हाऊसफुल्ल झाल्या. 1990-91 चा सीझन तर विलक्षण होता. बाहेरगावी 41 मॅचेस, त्यातली 1 जिंकली. घरी 41, त्यातल्या 24 जिंकल्या. खेळाडू तेच, कोच तोच. फरक होता तो आर्को अरीनात, घरच्या मैदानात, ओरडणाऱ्या लोकांचा. पुढे लोक गायीच्या गळ्यातल्या घंटाही घेऊन यायला लागले, आणि बाहेरून आलेल्या टीमला टाइमआउटमध्ये आपल्याच कोचचं बोलणं ऐकू येत नसे.

मग 2011. मालक टीम अनाहाइमला हलवण्याच्या बेतात होते. 13 एप्रिलला लेकर्सविरुद्ध सीझनची शेवटची घरची मॅच, आणि ही सॅक्रामेंटोतली अखेरचीच असं सगळे धरून चालले होते. ओव्हरटाइममध्ये हरलो. मॅच संपली, दिवे चालू होते, पण लोक जागचे उठेनात. टीव्हीवर समालोचकांचे आवाज दाटून आले होते. 2013 मध्ये पुन्हा तेच संकट, या वेळी सिएटलला जाण्याचं. तेव्हाचे महापौर केव्हिन जॉन्सन स्वतः एनबीएचे जुने खेळाडू. त्यांनी नवीन खरेदीदार उभे केले, आणि मे 2013 मध्ये बाकीच्या मालकांनी 22 विरुद्ध 8 मतांनी स्थलांतर नाकारलं. टीम घेणाऱ्या गटाचे प्रमुख विवेक रणदिवे, मूळचे मुंबईचे.

आता मुद्दा. 2016 मध्ये उघडलेल्या गोल्डन वन सेंटरसाठी शहराने सुमारे साडेपंचवीस कोटी डॉलर घातले. म्हणजे टीम गावात राहिली ती चाहत्यांच्या हट्टामुळे आणि नागरिकांच्या पैशामुळे. 2022-23 मध्ये माइक ब्राउन कोच झाले, टीम 48 मॅचेस जिंकली, प्रत्येक विजयानंतर अरीनाच्या छतावरून जांभळा झोत आकाशात सुटू लागला. प्लेऑफमध्ये वॉरियर्सशी सात मॅचेसची झुंज झाली. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब, आईवडील दोघंही सरकारी शाळेत, पडत्या काळात नेमाने जाणारं. त्या प्लेऑफला त्यांना वरच्या मजल्याची शेवटची रांगही झेपली नाही. मॅचच्या दिवशी ते मुलांना घेऊन अरीनाबाहेरच्या चौकात उभे राहिले, झोत तरी दिसावा म्हणून.

मला याचा मनापासून राग येतो. तुमच्या गावी काय परिस्थिती आहे? टीमांनी काय करायला हवं?

हिशोबनीस

चांगला धागा. भावना समजते, पण थोडा विरोध नोंदवतो.

स्वस्त तिकीट म्हणजे टीमचे चाहत्यांवर उपकार नाहीत, हे आधी मान्य करू. मागणी पडली म्हणून भाव पडला. रिकाम्या खुर्चीतून शून्य येतं, त्यापेक्षा कमी पैशात माणूस आत आला तर पार्किंग, बर्गर आणि टोपी यांतून कमाई होते. म्हणून भाव चढला की चाहत्यांवर अन्याय झाला, हे मला पटत नाही.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. पडेल टीमला तिकीट काढून पाठिंबा का द्यायचा? अमेरिकन लीगमध्ये तळाला गेल्याची शिक्षा नाही. फुटबॉलसारखी खालच्या डिव्हिजनमध्ये रवानगी होत नाही. उलट ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, वरचा नंबर मिळण्याची शक्यता वाढते. फिलाडेल्फियाने मॅनेजर सॅम हिंकींच्या काळात हे उघडउघड केलं: 19 विजय, मग 18, मग 2015-16 मध्ये 82 पैकी 10. लीगने 2019 पासून हा नंबर ठरवणारी लॉटरी बदलली, तळाच्या तिन्ही टीमांना पहिल्या नंबरची सारखीच 14 टक्के संधी ठेवली, तरी मुद्दाम हरणं थांबलेलं नाही.

वर टीव्हीचा पैसा. 2025-26 पासून डिस्ने, एनबीसी आणि ॲमेझॉनशी 11 वर्षांचा करार आहे, सुमारे 7,600 कोटी डॉलरचा. तो तीसही टीमांत सारखा वाटला जातो, मग तुम्ही 60 जिंका नाहीतर 14. अशा मालकाला जाग आणायची असेल तर स्टँड रिकामे ठेवणं हाच उपाय आहे. निष्ठेच्या नावाखाली आपण वाईट कारभाराला हप्ता भरतो.

मिशिगनकर

14 चा आकडा आला म्हणून लिहितेच. तो आमचा, डेट्रॉइट पिस्टन्सचा.

2023-24. पहिल्या तीनपैकी दोन जिंकल्या आणि नंतर सलग 28 हरलो. एकाच सीझनमध्ये एवढा सलग पराभव त्याआधी कुणाच्या वाट्याला आला नव्हता. 26 डिसेंबरला ब्रुकलिनविरुद्ध 27 वा पराभव झाला, त्या रात्री केड कनिंगहॅमने 41 पॉइंट केले होते. एकटा मुलगा धावतोय, बाकी टीम कोसळतेय आणि अख्खा अरीना मालकाला उद्देशून "सेल द टीम" ओरडतोय. हिशोबनीस, तुम्ही म्हणता तो निषेध रिकाम्या खुर्च्यांनी झाला नाही, भरलेल्या खुर्च्यांनी झाला. लोक घरी बसले असते तर त्या घोषणा कुणी ऐकल्या असत्या?

30 डिसेंबरला आम्ही गेलो. नाताळची सुट्टी होती, तिकिटं अगदी किरकोळ भावात होती, मुलांना घेऊन गेलो. टोरांटोने त्याच दिवशी आपला खेळाडू ओजी अनुनोबी याला न्यूयॉर्कला देऊन टाकलं होतं, त्यामुळे त्यांची टीम अर्धवट होती. शेवटच्या मिनिटाला आघाडी हातात होती, तरी आमच्या रांगेत कुणी बसायला तयार नव्हतं, कारण आघाडी कशी घालवायची हे या टीमने दोन महिने दाखवलं होतं. शेजारी एक आजोबा होते, गाडीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. 2004 मध्ये लेकर्सना हरवलं तेव्हाचा विरलेला शर्ट अंगात. ते दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभे होते. 129-127. भोंगा वाजला आणि त्यांनी माझ्या धाकट्याला उचलून घेतलं. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही. मुलगा दर सीझनला विचारतो, "ते आजोबा भेटतील का?"

पुढच्या वर्षी 44 विजय. 82 मॅचेसच्या एका सीझनमधून दुसऱ्यात विजय तिपटीवर नेणारी ही पहिलीच टीम. न्यूयॉर्कविरुद्धच्या प्लेऑफची तिकिटं बघितली आणि लॅपटॉप मिटला. चौथी मॅच घरच्या मैदानावर एका पॉइंटने हरलो, शेवटच्या शॉटवर फाउल द्यायला हवा होता हे पंचांनी नंतर मान्य केलं. ते सगळं दिवाणखान्यात बसून पाहिलं. सॅकवासी, तुमचा राग मला शंभर टक्के कळतो.

ओकलंडची माही

वॉरियर्सचं नाव सगळे 'श्रीमंत टीम' म्हणून घेतात, म्हणून जुनी गोष्ट सांगणं मला गरजेचं वाटतं.

1994 नंतर सलग 12 सीझन आम्हीही प्लेऑफबाहेर होतो. तेव्हा ओकलंडच्या अरीनात जायचं म्हणजे बार्ट रेल्वेने कोलिझियम स्टेशनला उतरायचं आणि तो लांबलचक पादचारी पूल ओलांडायचा. पुलावर दोन्ही बाजूंना विक्रेते. टी-शर्ट, पाण्याच्या बाटल्या, बेकनमध्ये गुंडाळून परतलेले हॉटडॉग, आणि त्या कांद्याचा वास थेट दारापर्यंत. माझ्या ऑफिसातले सफाई कर्मचारी, पोस्टमन, बसचालक, सगळे त्या पुलावर भेटायचे. 2007 मध्ये आठव्या क्रमांकाच्या वॉरियर्सनी पहिल्या क्रमांकाच्या डॅलसला हरवलं, तेव्हाचा तो पिवळ्या शर्टांचा समुद्र ओकलंडचा होता, आणि पडेल काळात ज्यांनी तो अरीना भरला त्यांचा होता.

2015 मध्ये 40 वर्षांनी विजेतेपद आलं, नंतर अजून आली. 2019 मध्ये टीम खाडी ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला गेली. चेस सेंटर मालकांनी स्वतःच्या पैशाने बांधलं, हे मान्य. पण सीझन तिकीट हवं असेल तर आधी सभासदत्वाची मोठी रक्कम भरायची, जी 30 वर्षांनी बिनव्याजी परत मिळणार. पोस्टमन 30 वर्षांसाठी बिनव्याजी कर्ज कुठून देणार? आणि नव्या इमारतीतल्या पहिल्याच सीझनमध्ये खेळाडू जखमी होऊन टीम 15 विजय, 50 पराभव अशी तळाला गेली. हरणारी टीम परत आली, पण ते स्वस्त तिकीट आणि तो पूल परत आला नाही.

चषकांचा आनंद मला आहेच. पण ज्या गावाने टीम सांभाळली त्या गावाला साधी परवडणारी एक रांगही मिळाली नाही, हे मला फार लागतं.

हिशोबनीस

माही, मिशिगनकर, तुमचे प्रतिसाद वाचून माझ्या पहिल्या मुद्द्यावर मी अजूनही ठाम आहे, दुसऱ्यावर तेवढा नाही. भरलेल्या स्टँडमधून उठलेली घोषणा जास्त बोचते, हे बरोबर. पण डेट्रॉइटचंच पुढचं बघा. कोच माँटी विल्यम्सना सहा वर्षांसाठी 7 कोटी 85 लाख डॉलर कबूल केले आणि एका सीझननंतर काढलं. एवढा पैसा वाया घालवता येतो, तर वरच्या मजल्यावरच्या काहीशे सीट ठरावीक भावात ठेवणं मालकांना अशक्य नाही. इच्छा नाही, एवढंच.

शार्लटकर

निष्ठेला तळ असतो हेही इथे यायला हवं.

शार्लट हॉर्नेट्स 1988 मध्ये आली आणि शहर वेडं झालं. जवळपास 24,000 खुर्च्यांचं कोलिझियम, आणि सलग 364 मॅचेस हाऊसफुल्ल. मग मालकाशी बिनसलं. चांगले खेळाडू विकले गेले, मालकाच्या खाजगी वागणुकीची कोर्टात लक्तरं निघाली, आणि वर त्याला नवीन अरीना हवा होता. लोकांनी अक्षरशः जाणं सोडलं. 2002 मध्ये टीम न्यू ऑर्लिन्सला गेली. ज्या गावाने लीगमधली सर्वांत मोठी गर्दी दिली, त्याच गावाने पाठ फिरवली, आणि माझ्या मते योग्य केलं.

नंतर बॉबकॅट्स नावाने दुसरी टीम मिळाली. 2011-12 चा सीझन खेळाडू-मालक वादामुळे लहान झाला होता, त्यात 66 पैकी 7 विजय, लीगमधली आजवरची सर्वांत वाईट टक्केवारी. हॉर्नेट्स हे नाव 2014 मध्ये परत आलं. 2016 नंतर 2025 पर्यंत एकदाही प्लेऑफ नाही. मी जातो, कारण कामावरून सुटलो की अरीना चालत गाठता येतो आणि तिकीट खिशाला जड जात नाही. लामेलो बॉलचा एखादा पास बघितला की पैसे वसूल. पण गावाचं पहिलं प्रेम परत आलेलं नाही, आणि स्वस्त तिकिटाने ते येईल असं मला वाटत नाही. आधी माणसांशी नीट वागावं लागतं.

पहाटेचा_प्रेक्षक

मुंबईहून लिहितोय. आमच्याकडे मॅच पहाटे साडेपाचपासून सुरू होतात, आवाज बंद करून बघायची.

किंग्जशी आमचंही नातं आहे. 4 आणि 5 ऑक्टोबर 2019 ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळले, भारतात झालेल्या पहिल्या एनबीए मॅचेस. पहिल्या दिवशी स्टँडमध्ये होती ती सुमारे 3,000 शाळकरी मुलं, ज्युनियर एनबीए कार्यक्रमातली, तिकिटाशिवाय. मॅच ओव्हरटाइमला गेली आणि पेसर्स 132-131 जिंकले. त्या पोरांना कोण कुठल्या टीमचं याच्याशी घेणं नव्हतं, प्रत्येक डंकला छत उडेल असा आवाज होत होता. त्या दिवशी पेसर्सकडून खेळलेला डोमांतास सबोनिस पुढे 2022 मध्ये किंग्जकडे आला आणि दुष्काळ संपवणाऱ्या टीमचा आधार झाला.

मी नागपाड्यात खेळून मोठा झालो. तिथल्या कोर्टवर संध्याकाळी आजही गल्लीतली पोरं कठड्यावर बसून बघतात, कुणी पैसे मागत नाही. त्यातलंच एखादं उद्या आत येऊन बॉल मागतं. स्वस्त तिकिटाचं खरं काम मला हेच वाटतं. प्रेक्षक लहान वयात आत आला पाहिजे. एकदा शिरला की तो तीस-चाळीस वर्षं तुमचा. म्हणून टीम वर आल्यावर त्याच वयाच्या मुलांना बाहेर ठेवणं हे टीमच्याही तोट्याचं आहे.

सॅकवासी

सगळ्यांचे आभार. शार्लटकर, तुमचं खरं आहे. आमच्याकडे 2013 मध्ये मालक बदलला नसता तर मीही सोडून दिलं असतं.

हिशोबनीस, ठरावीक भावाच्या सीटबद्दल तुम्ही लिहिलंत, त्याला धरून मी पुढे जातो. तिकीट मागणी-पुरवठ्यावरच विकलं पाहिजे असा काही निसर्गनियम नाही. फिनिक्सचे मालक मॅट इश्बिया यांनी 2024-25 पासून अरीनात हॉटडॉग, पॉपकॉर्न, पाणी 2 डॉलरला ठेवलं, आणि त्याआधी 2023 मध्ये बहुतेक मॅचेस केबलऐवजी साध्या अँटेनावर फुकट दिसतील अशी सोय केली. म्हणजे मालकाने मनावर घेतलं तर होतं. जिथे शहराचा पैसा लागलाय, तिथे मनावर सोडूच नये. अरीनाच्या करारातच लिहून घ्यावं: वरच्या मजल्यावरचे अमुक विभाग, दर मॅचला, प्लेऑफसकट, ठरलेल्या भावात. आणि ती तिकिटं नावावर, पुन्हा विकता येणार नाहीत अशी. नाहीतर दलाल पहिल्या पाच मिनिटांत उचलतील आणि चौपट भावाने विकतील. आणि पहिला हक्क पडत्या सीझनमध्ये येऊन गेलेल्यांचा. मोबाइल तिकिटामुळे कोण कितीदा आलं याची नोंद टीमकडे असतेच. ती आज जाहिराती पाठवायला वापरतात, उद्या यासाठी वापरावी. हे मी लेखी स्वरूपात आमच्या नगर परिषदेला पाठवणार आहे. मसुद्याला मदत करायला कुणी तयार असेल तर फार बरं होईल.

मिशिगनकर

मसुद्याला मी आहे. आमच्या अरीनालाही सार्वजनिक पैसा लागलाय, त्यामुळे तोच कागद इथेही चालेल.

एल्क_ग्रोव्हची_आई

या विषयातलं मला फारसं कळत नाही, पण धागा वाचून लेकीला एकदा न्यावंसं वाटतंय. नऊ वर्षांची आहे, शाळेत बास्केटबॉल खेळते. गेल्या वर्षी एका विक्रेत्याकडून ओळखीतून तिकिटं घेतली, फक्त स्क्रीनशॉट पाठवला होता. दारावर स्कॅनच झाली नाहीत, रडवेली होऊन परत आली. आता कुठून घ्यावी, कुठे बसावं? कमी खर्चात कसं जमेल?

सॅकवासी

ताई, स्क्रीनशॉटवर कधीच पैसे देऊ नका. त्या तिकिटाचा बारकोड दर काही सेकंदांनी बदलतो, त्यामुळे चित्र आत नेऊन उपयोग नसतो. तिकीट टीमच्या ॲपमध्ये तुमच्या खात्यात आलेलं दिसलं पाहिजे.

भाव बघताना पूर्ण रक्कम बघा. मे 2025 पासून अमेरिकेत सगळे शुल्क धरूनच किंमत दाखवणं कायद्याने सक्तीचं आहे, त्यामुळे शेवटच्या पानावर आकडा फुगायचा प्रकार आता बराच कमी झालाय. सोमवार ते बुधवार आणि समोर नावाजलेले खेळाडू नसलेली टीम, असं जुळलं की भाव पडतात. मॅच सुरू व्हायच्या तासभर आधी आणखी उतरतात, पण लहान मुलीला घेऊन तेवढी वाट बघू नका. आदल्या रात्री घेऊन टाका.

बसायला वरच्या मजल्याच्या लांब बाजूची सीट घ्या, बास्केटच्या मागची नको. वरून पूर्ण कोर्ट दिसतं, कोण कुणाला अडवतंय, कोण मोकळा होतोय हे तिला खेळत असल्यामुळे लगेच कळेल. पार्किंगवर पैसे घालवण्यापेक्षा तुमच्या बाजूने लाइट रेल्वेची निळी लाइन थेट डाउनटाउनला येते. परतीची वेळ आधी बघून ठेवा. बॅग शक्यतो नकोच. आणि दारं उघडल्या उघडल्या आत जा, खेळाडू सरावाला उतरलेले असतात, तो सराव मॅचइतकाच बघण्यासारखा असतो.

आमच्या घरचे पुढच्या महिन्यातल्या एका मंगळवारी जाणार आहोत. घरात जुन्या दोन घंटाही आहेत. जमणार असेल तर व्यनि करा, तिकिटं एकत्रच काढू.